वादळाच्या आदल्या दिवशी अडकलेला हिशेब: व्हीएमवेअरची डिस्क प्रॉक्समॉक्सवर नेताना

तात्यांचा फोन आला तेव्हा मी कुडाळच्या बाजारात होतो. गणपती २०२५चे आटोपून चार-पाच दिवस झाले असतील. "संगणक परत शिटी मारता," एवढंच ते बोलले. शिटी म्हणजे रॅम सापडत नसल्याची बीप. त्या पावसाळ्यातली ती तिसरी खेप. वेंगुर्ल्यातल्या त्यांच्या काजू कारखान्याचं ऑफिस समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, खिडकी बारा महिने उघडी. रॅमची पट्टी काढली की सोनेरी पायांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. खोडरबराने घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायची. एवढ्यावर तो संगणक दहा वर्षं निघाला होता. या वेळी मदरबोर्डवरचा खाचाच गंजलेला दिसला.

संगणक बदलणं सोपं असतं. इथे अडचण त्याच्या पोटात होती. बाहेर विंडोज १० (त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणारच होता), त्यात व्हीएमवेअर वर्कस्टेशन (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम), त्यात विंडोज ७चं आभासी मशीन आणि त्या मशीनमध्ये कारखान्याचा स्टॉक-हिशेबाचा प्रोग्राम. २०१३ साली कोल्हापूरकडच्या एका माणसाने व्हिज्युअल बेसिक ६मध्ये लिहून दिलेला, मागे ॲक्सेसची फाइल. तो माणूस आता दुसऱ्याच धंद्यात आहे, मूळ कोड कुणाकडे नाही. पण प्रोग्राम कामाचा. कुठल्या बागायतदाराकडून किती बी आली, कुठल्या बॅचमधून किती गर निघाला, त्यात डब्ल्यू १८० किती, २४० किती, ३२० किती (३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर बसतात), पाकळी किती, तुकडा किती, टरफल तेलवाल्याला किती गेलं, सगळं त्यात. थोडक्यात, प्रोग्राम नवा करायचा नव्हता. आहे त्या पेटीसकट उचलून दुसरीकडे ठेवायचा होता.

खरं सांगायचं तर प्लॅटफॉर्म बदलण्याची सक्ती नव्हती. नव्या संगणकावर पुन्हा वर्कस्टेशन टाकून फोल्डर तसाच उघडता आला असता. नोव्हेंबर २०२४पासून वर्कस्टेशन प्रो धंद्यासाठीसुद्धा फुकट आहे, त्यामुळे पैशाचाही प्रश्न नव्हता. पण या मशीनवरची डेटा फाइल गोदामातला आणि ग्रेडिंगच्या टेबलावरचा असे आणखी दोन संगणक वाचतात. लाइट गेली आणि आली, की ऑफिसात कुणीतरी लॉगिन करून, वर्कस्टेशन उघडून, मशीन चालू करेपर्यंत दोन्हीकडची कामं थांबतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे दिवसातून किती वेळा होतं ते सांगायला नको. म्हणून एक लहान नवा संगणक घेतला, त्यावर प्रॉक्समॉक्स टाकलं. तेही आभासी मशीनंच चालवतं, पण लिनक्सवर बसतं, आतून क्यूएमू-केव्हीएम हे इंजिन वापरतं आणि वीज आली की मशीन आपोआप सुरू करतं. एकाच माणसाचं एकाच टेबलावरचं काम असतं तर मी या भानगडीत पडलो नसतो.

फोल्डर

आभासी मशीन म्हणजे शेवटी एक फोल्डर. हा फोल्डर उघडला तर फायलींची रांगच लागली. 'काजू' नावाची एक लहानशी व्हीएमडीके (व्हीएमवेअरच्या आभासी डिस्कची फाइल), मग तिचे एस००१पासून एस०१६पर्यंत सोळा तुकडे. त्याखाली 'काजू-०००००१' नावाची दुसरी लहानशी व्हीएमडीके आणि तिचेही सोळा तुकडे. शिवाय व्हीएमएक्स, एनव्हीरॅम, लॉग वगैरे मंडळी.

तुकड्यांचं कारण जुनं आहे. फॅट३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून व्हीएमवेअर मोठी डिस्क तुकड्यांत ठेवण्याची सोय देतं. लहानशी व्हीएमडीके ही साधी मजकूर फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. डिस्क किती मोठी, कुठले तुकडे कुठल्या क्रमाने जोडायचे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. रूपांतराच्या वेळी तुकडा नाही, ही मजकूर फाइल द्यायची. इथवर मला ठाऊक होतं आणि तिथेच माझी घमेंड नडली.

मशीन नीट शटडाउन केलं. सस्पेंड ठेवलेलं मशीन कधीही हलवू नये, कारण अर्धी गोष्ट मेमरीच्या फाइलमध्ये असते आणि ती दुसऱ्या प्लॅटफॉर्मला वाचता येत नाही. पूर्ण फोल्डर बाहेरच्या एसएसडीवर कॉपी केला. मूळ फोल्डरला यापुढे हात लावायचा नाही असं ठरवलं. या एका निर्णयाने पुढे मला दोनदा वाचवलं.

रूपांतराचं हत्यार म्हणजे क्यूएमू-आयएमजी. आधी 'इन्फो' चालवलं: व्हीएमडीके, ६० जीबी. मग 'कन्व्हर्ट', छोट्या एफपुढे व्हीएमडीके, मोठ्या ओपुढे क्यूकाऊ२, म्हणजे क्यूएमूचा स्वतःचा डिस्क-फॉरमॅट. (छोटा ओ आणि मोठा ओ यांत गल्लत करू नका. छोटा ओ वेगळ्याच पर्यायांसाठी आहे.) प्रॉक्समॉक्सची स्वतःची आयात आज्ञाही व्हीएमडीके थेट घेते. पण मला डिस्क एक सुटी फाइल म्हणून हवी होती, उद्या कुणालाही उचलून नेता यावी अशी, म्हणून क्यूकाऊ२. अर्ध्या तासात काम झालं. मग 'कम्पेअर' चालवलं. ही आज्ञा दोन वेगवेगळ्या फॉरमॅटमधल्या डिस्कांचा आतला मजकूर ताडून बघते. उत्तर आलं, दोन्ही एकसारख्या आहेत. मी चहा मागवला.

मशीन सुरू व्हायला थोडा त्रास झाला, तो पुढे सांगतो. पण झालं. विंडोज ७चा निळा डेस्कटॉप, त्यावर प्रोग्रामचं तेच काजूगराचं चित्र. हिशेब बघणाऱ्या ताईंना बोलावलं. त्यांनी माउस हातात घेतला आणि शेवटचं बिल उघडलं.

"ह्यां तर वादळाच्या आदल्या दिसाचां बिल," त्या म्हणाल्या. "मगे चार वर्सां खंय गेली?"

तारीख होती १५ मे २०२१. तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं ते १६ तारखेला.

दोन वह्या

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची ओढली आणि बसले. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

जुन्या संगणकावर आदल्याच दिवशी ताजी बिलं निघाली होती, म्हणजे डेटा कुठेतरी होता. मी व्हीएमएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडली. मशीनला रॅम किती, नेटवर्क कार्ड कुठलं, डिस्क कुठली, हे तिच्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. डिस्कच्या ओळीत 'काजू' नव्हतं. तिथे 'काजू-०००००१' होतं. दोन मिनिटांचं काम, जे मी सुरुवातीला करायला हवं होतं.

मग सगळा उलगडा झाला. १५ मे २०२१ला, वादळाच्या बातम्या सुरू असताना, त्या वेळी संगणक बघणाऱ्या माणसाने 'बॅकअप' म्हणून एक स्नॅपशॉट घेतला होता. नावही दिलं होतं: तौक्तेआधी. हेतू चांगलाच होता. पण स्नॅपशॉट ही प्रत नसते. खतावणीची जुनी वही दोरीने बांधून कपाटात ठेवावी आणि त्या दिवसापासून नवी वही सुरू करावी, तसं ते असतं. नव्या वहीत फक्त बदललेली पानं लिहिली जातात. वाचताना आधी नव्या वहीत बघायचं, पान तिथे नसेल तर जुनीत. म्हणजे नवी वही एकटी निरुपयोगी आणि जुनी वही एकटी चालते खरी, पण दोर बांधल्या तारखेलाच थांबलेली. मी बिनआकड्याचं नाव बघून जुनी वही उचलली होती. 'कम्पेअर'ने इमानदारीने सांगितलं की माझी नक्कल जुन्या वहीशी तंतोतंत जुळते. जुळतच होती.

लाज वाटावी असा भाग म्हणजे, आकडे पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होते. डिस्क ६० जीबीची आणि फोल्डर ७१ जीबीचा. वाढत जाणारी डिस्क आपल्या कमाल आकारापेक्षा जास्त जागा खाते तेव्हा पोटात दुसरी वही आहे, हे कळायला हवं होतं.

त्या रात्री मी आणखी एक चूक केली. बाहेरच्या एसएसडीवरच्या कॉपीतली जुनी 'काजू' व्हीएमडीके, दोन वह्यांत नेमका फरक काय बघू म्हणून, वर्कस्टेशनमध्ये एका वेगळ्या मशीनला जोडली आणि सुरू केली. विंडोजने सुरू होताना आपल्या सवयीप्रमाणे इकडेतिकडे लिहिलं. मग ०००००१ उघडायला गेलो तर संदेश: मूळ डिस्क, तिच्यावरची डिस्क बनल्यानंतर बदलली आहे. प्रत्येक व्हीएमडीकेच्या मजकुरात 'सीआयडी' नावाचा आठ अक्षरी क्रमांक असतो आणि 'पॅरेंट सीआयडी'मध्ये आपल्या खालच्या वहीचा क्रमांक. खालच्या वहीत काही लिहिलं की तिचा क्रमांक बदलतो आणि साखळी तुटते. तो क्रमांक हाताने दुरुस्त करता येतो, तसे उपाय जागोजागी सांगितलेले असतात. पण त्याने फक्त कुलूप उघडतं. खालची पानं बदलली ती बदललीच. वरच्या वहीतली पानं आता वेगळ्याच पानांवर चिकटणार, आणि ॲक्सेसची फाइल कुठे फाटेल ते महिन्याने कळणार. मी ती कॉपी पूर्ण पुसली आणि मूळ फोल्डरवरून नवी केली. ७१ जीबी, जुन्या यूएसबी पोर्टवरून. त्या वेळात जेवण झालं आणि पाऊसही थांबला.

दोन वह्यांची एक

आता रूपांतराच्या आधी दोन्ही वह्या एक करायच्या होत्या. याचे तीन-चार रस्ते आहेत. वर्कस्टेशनच्या स्नॅपशॉट मॅनेजरमधून स्नॅपशॉट 'डिलीट' करता येतो. नाव घाबरवणारं आहे, पण त्याने डेटा जात नाही, नव्या वहीतली पानं जुनीत उतरवली जातात. डेटा घालवतं ते 'रिव्हर्ट'. ते दाबलं की ताईंची चार वर्षं खरोखरच गेली असती. मला मात्र कॉपीतलंही काही बदलायचं नव्हतं, म्हणून वर्कस्टेशनसोबत येणारं व्हीडिस्कमॅनेजर वापरलं. त्याला ०००००१ची मजकूर फाइल दिली, प्रकार शून्य सांगितला, म्हणजे एकसंध आणि गरजेप्रमाणे वाढणारी डिस्क. साखळीतली सगळ्यात वरची फाइल दिली की खालच्या सगळ्या वाचून ते एक नवी व्हीएमडीके बनवतं. क्यूएमू-आयएमजीलाही साखळी वाचता येते, पण व्हीएमवेअरने मारलेली गाठ व्हीएमवेअरनेच सोडवावी असं माझं मत. नवी फाइल ४९ जीबीची झाली. एसएसडी एनटीएफएसची होती म्हणून बसली. फॅट३२च्या पेनड्राइव्हवर घ्यायला गेलो असतो तर ४ जीबीवर अडलो असतो.

या वेळी घाई केली नाही. नवी डिस्क आधी वर्कस्टेशनमध्येच वेगळ्या मशीनला लावून सुरू केली, नेटवर्कची तार काढून. ताईंना शेवटचं बिल बघायला लावलं. आदल्या दिवशीचं होतं. त्यांनी २०२२, २०२३ आणि २०२४च्या मे महिन्यांची खरेदी बेरीज करून कागदी फायलींशी ताडली. या कामाला अर्धा दिवस गेला आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. मग व्हीएमवेअर टूल्स काढून टाकले. ते इथेच काढायचे, पलीकडे गेल्यावर त्यांचं काढणारं यंत्र रुसून बसू शकतं. मशीन बंद केलं आणि मगच क्यूकाऊ२ केलं.

निळा पडदा

पहिल्या वेळी झालेला त्रास इथे पुन्हा आला, आणि हा भाग असं काम करणाऱ्या प्रत्येकाला भेटतो.

प्रॉक्समॉक्समध्ये नवं मशीन बनवताना फर्मवेअर (मशीन सुरू करून देणारा पहिला प्रोग्राम) जुन्या बायोस पद्धतीचं, म्हणजे सीबायोस, ठेवलं. जुनं मशीन बायोसवर चालत होतं. यूईएफआय ही नवी पद्धत निवडली असती तर त्याला बूट होण्यासारखं काही सापडलंच नसतं. आयात केलेली डिस्क यादीत 'अनयूज्ड' म्हणून येते. ती हाताने जोडावी लागते आणि बूट क्रमात टिचकी मारावी लागते. मी ती साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) म्हणून जोडली. विंडोजचा लोगो उमटला, क्षणभर चमकला आणि विंडोज कोसळल्याचा निळा पडदा, स्टॉप कोडच्या शेवटी ७बी.

७बीचा अर्थ असा की विंडोज सुरू झालं, पण ज्या डिस्कवरून सुरू झालं तीच आता त्याला दिसेना. सुरुवातीचे काही क्षण डिस्क बायोस वाचून देतो. पुढे विंडोजला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. विंडोज ७ फक्त आपल्या वापरातल्या कंट्रोलरचे (डिस्क ज्याला जोडलेली असते त्या उपकरणाचे) ड्रायव्हर बूटच्या वेळी चढवतं, बाकीचे झोपवून ठेवतं. व्हीएमवेअरमध्ये ही डिस्क एलएसआयच्या सॅस कंट्रोलरवर होती. साटाचा ड्रायव्हर कधी लागलाच नव्हता.

इथे पुन्हा व्हीएमएक्स फाइल कामाला आली. तिच्यात सीडी ड्राइव्ह आयडीईवर, म्हणजे साटाआधीच्या जुन्या पद्धतीवर, लावलेला होता. म्हणजे आयडीईचा ड्रायव्हर रोज बूटच्या वेळी चढत असणार, निदान सीडीसाठी. डिस्क आयडीईवर जोडली आणि मशीन निमूट सुरू झालं. सीडीही साटावर असती तर उलट करावं लागलं असतं. कुठलीच सोय नसती तर रेजिस्ट्रीत शिरून झोपलेल्या ड्रायव्हरला उठवावं लागलं असतं.

आयडीई चालतं, पण संथ. म्हणून नेहमीची युक्ती: एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ (खास आभासी मशीनसाठीची वेगवान जोडणी) म्हणून जोडली, ड्रायव्हरची आयएसओ (सीडीसारखी लावता येणारी फाइल) लावली, विंडोजला त्या रिकाम्या डिस्कसाठी ड्रायव्हर बसवू दिला. एकदा तो बसला की मशीन बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर हलवली आणि रिकामी काढून टाकली. विंडोज ७ला ड्रायव्हरच्या अलीकडच्या आयएसओ चालत नाहीत, ०.१.१७३ ही जुनी शोधावी लागते. हे मला माहीत असूनही मी आधी नवीच उतरवली, सवयीने.

बाकीच्या गोष्टी चटकन. प्रोग्रामचा परवाना नेटवर्क कार्डच्या मॅक पत्त्याला, म्हणजे कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधलेला होता. शून्य-शून्य-शून्यसी-२९ने सुरू होणारा व्हीएमवेअरचा तो पत्ता व्हीएमएक्समधून उचलून प्रॉक्समॉक्समध्ये लिहिला, कार्डही इंटेल ई१०००च ठेवलं. (जुनं मशीन पुन्हा नेटवर्कवर येता कामा नये, एकाच पत्त्याची दोन मशीनं भांडतात.) तरी विंडोजने कार्ड नवं समजून जोडणीला '२' आकडा लावलाच आणि जुना आयपी द्यायला गेलो तर म्हणे तो दुसऱ्या, न दिसणाऱ्या कार्डाकडे आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते भूत काढलं. ॲक्टिव्हेशन पुन्हा मागितलं, ते तात्यांकडच्या मूळ कीवर झालं. विंडोज ७चा आधार जानेवारी २०२०मध्येच संपला आहे, म्हणून गेटवेचा रकाना रिकामा ठेवला. कारखान्यातले दोन संगणक त्याला दिसतात, बाहेरचं जग नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने मात्र दोन दिवस छळलं. शेवटी त्याची यूएसबी तार थेट आभासी मशीनला दिली.

शेवटच्या दिवशी तात्यांनी स्वतः मेन स्विच पाडला. यूपीएसने दम सोडेपर्यंत आम्ही सगळे त्या लहानशा डब्याकडे बघत उभे. पाच मिनिटांनी स्विच वर केला. नव्या संगणकाच्या बायोसमध्ये वीज आल्यावर चालू होण्याचा पर्याय लावलेला होता. ग्रेडिंगच्या टेबलावरून हाक आली, "ताई, इला गो!"

स्नॅपशॉट आता कुणी घ्यायचा नाही असं नाही. पण रोज रात्री प्रॉक्समॉक्स पूर्ण मशीनचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर काढतं आणि अशा दोन डिस्क आहेत, एक तात्यांच्या घरी जाते. जुना ७१ जीबीचा फोल्डर एसएसडीत तसाच आहे, वर चिकटपट्टीवर ताईंच्या अक्षरात: 'दोन वह्या, सुट्या करू नयेत'.

आठवड्याने मी परत गेलो. आदल्या रात्रीचा बॅकअप वेगळा क्रमांक देऊन, नेटवर्क तोडून, त्याच डब्यावर उभा केला. ताईंनी शेवटचं बिल उघडलं. काल संध्याकाळचं, डब्ल्यू ३२०, पंधरा डबे, सावंतवाडीच्या व्यापाऱ्याच्या नावे, उधार.